चुन्याविना उभं घर: आल्बेरोबेल्लोतला मुक्काम

नमस्कार मंडळी! माझ्या मागचं हे छप्पर बघा. टोपीसारखं निमुळतं, नुसत्या दगडाचं. वासा नाही, खिळा नाही, दगडांच्या सांध्यात चुनासुद्धा नाही. या घराला म्हणतात त्रुल्लो. दक्षिण इटलीत, पुल्या प्रांतातल्या आल्बेरोबेल्लो गावात आज माझा मुक्काम अशाच एका दुरुस्त केलेल्या घरात आहे.

मग हे कोसळत का नाही? दगडांचा प्रत्येक गोल थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवलेला असतो. वर जावं तसं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटचा दगड तोंड बंद करतो. हेमाडपंती देवळात मान वर करून छत पाहिलं असेल, तर ही युक्ती लगेच ओळखाल. त्यावर चपट्या दगडांचं दुसरं आवरण, पाऊस उतरवायला. इथली जमीन चुनखडीची, पाणी धरून ठेवत नाही. म्हणून छपरावरचा पाऊस पन्हळीतून थेट टाक्यात घ्यायचा.

आणि चुना का नाही? गावात सांगतात, कोन्वेर्सानोच्या सरदाराला नव्या वस्तीचा कर नेपल्सच्या राजाला द्यायचा नव्हता. तपासणी आली की घरं झटपट उतरवता यावीत, म्हणून कोरडी रचाई. १७९७ मध्ये राजा चौथ्या फर्डिनांडने गावाला सरदाराच्या अमलातून सोडवलं. ही गोष्ट ऐकली की मला सरदारापेक्षा, आपल्याच हाताने आपलं छप्पर उतरवणारी माणसं डोळ्यांपुढे येतात.

आता राहण्याबद्दल. भिंती इतक्या जाड की दुपारच्या उन्हातही आत गारवा. पलंग भिंतीतल्या कोनाड्यात, पुढे पडदा. खिडक्या मात्र इवल्याशा, त्यामुळे ओल राहते. डागडुजीत सिमेंट थापलं असेल तर ती आत कोंडते, चुन्याचा गिलावा तिला बाहेर पडू देतो. खोली ठरवण्याआधी हे विचाराच, भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

रियोने मोंती या भागात दुकानं आणि पर्यटकांची गर्दी. मी आया पिक्कोलात राहते आहे. इथे लोक अजून नांदतात, म्हणून रात्री आवाज जरा बेतानेच.

चला, आत या. आधी ते टाकं दाखवते.