झोपेतली करकर

श्रोतेहो, नमस्कार. रागावलेला माणूस दातओठ खातो, हे आपल्याला ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते राग नसतानाही, झोपेत दात खाणाऱ्यांबद्दल.

ठाण्यात, नौपाड्यात माझा दाताचा दवाखाना आहे. या तक्रारीचा पेशंट सहसा आपणहून येत नाही, त्याला बायको घेऊन येते. “डॉक्टर, रात्रभर सुपारी फोडल्यासारखा आवाज!” आणि हे खुर्चीतूनच म्हणतात, “छे, मला तर काहीच कळत नाही.” खरंच कळत नसतं हो.

मग साक्ष तोंडाचीच काढायची. आधी सुळे बघते; टोकं घासून सपाट, चकचकीत झालेली असतात. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, थेट करंजीच्या कडेसारखे. गालाच्या आत पांढरी रेघ. जबड्याच्या कोपऱ्यांवर बोटं ठेवून म्हणते, “आवळा दात.” दोन्हीकडचे स्नायू टरारून वर येतात. सकाळी कानशिलं दुखतात का, तोंड उघडताना कानापाशी कट्‌ वाजतं का, हे विचारते. घोरण्याचं मात्र बायकोलाच विचारते. झोपेत श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं. पण गोळ्या परस्पर बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

दात झिजलेत म्हणजे ते खाल्लेच असंही नाही. वर्षानुवर्षं मशेरी घासणारे, रोज आंबट ढेकरा येणारे, त्यांचेही झिजतात.

उपाय म्हणजे नाइट गार्ड, झोपताना दातांवर चढवायचं कव्हर. दातांचं माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा बनवतात. धुवायचा थंड पाण्यानं, गरम पाण्यानं तो वाकडा होतो. एक गृहस्थ काही महिन्यांनी गार्ड घेऊन तणतणत आले, “बघा, चरे पडले! पैसे पाण्यात!” अहो, ते चरे तुमच्या दातांवर पडायचे होते. गार्डनं सवय सुटेलच असं नाही, मार मात्र तो स्वतः खातो. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा गेलं की पुन्हा येत नाही. सगळे दात घासून ‘लेव्हल’ करून द्या, असं कुणी म्हणालं तर मी तयार होत नाही, कारण ते परत जोडता येत नाही.

दिवसाची गोष्ट वेगळी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की बघा, दात आवळलेले सापडतील. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. स्टिअरिंगवर एक रंगीत टिकली चिकटवा. दिसली की जबडा सैल.

मुलांचं म्हणाल, तर आपल्याकडे लगेच जंताचं औषध निघतं. दुधाच्या दातांच्या वयात बरीच मुलं दात खातात आणि मोठी होता होता थांबतात. परवा एक आजोबा नातवासाठी गार्ड मागायला आले. नातवाला तसंच परत पाठवलं. आजोबांना म्हटलं, जरा तुम्ही आ करा. सुळे सपाट!