सोलापुरी गच्ची आणि खारा वारा

नमस्कार श्रोतेहो. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात लहानपण गेलेली माणसं सोलापुरात अजून भेटतात, मी त्यांतलाच. हातभर जाड भिंती, वर पांढरी माती, खिडक्या बेताच्या. बाहेर पारा चाळिशीपार, आत माठाजवळ बसल्यासारखं. हेच डोक्यात घेऊन मी आर्किटेक्ट झालो आणि कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एक वाचनालय बांधलं. सपाट स्लॅब, जाड भिंती, बेताच्या खिडक्या.

साफ चुकलो.

काही वर्षांनी गेलो, तर छताचे पोपडे पुस्तकांवर पडत होते. उघड्या पडलेल्या गजाला बोट लावलं आणि खारी बिस्किटासारखा पदर सुटून हातात आला. वाऱ्यातलं मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपतं, गजाला गंज चढवतं. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आय. एस. ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, सौम्य हवेत गजावर २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, चालवून घेतं, किनाऱ्याच्या हवेत ४५ मागतं. ड्रॉइंगवर मी ४५च लिहिले होते, बरं का! साइटवर तेवढं अंतर राखणारे गजाखालचे ठोकळे, कव्हर ब्लॉक, मात्र कुणी मोजले नाहीत. मीही नाही.

आणि जाड भिंती? आपल्याकडे सोलापुरात रात्री हवा गार होते, तेव्हा भिंत दिवसभराची धग सोडते. किनाऱ्यावर रात्रही दमट. तिथं गारवा मिळतो तो अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्यानं. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आपल्या कितीतरी पट. त्यात सपाट गच्ची म्हणजे तळंच. तिथले गवंडी हे आधीच जाणून होते. जांभ्याचा चिरा, उतरती कौलं, चहूबाजूंनी पडवी. चिरा खाणीत मऊ असतो, हवेवर घट्ट होतो, गिलाव्यावाचूनही चालतो.

पर्यावरणपूरक इमारत म्हटलं की लोक छतावर सोलर शोधतात. असावं की. पण दहा वर्षांत फोडून पुन्हा ओतावी लागली, तर सिमेंटची भट्टी दोनदा पेटवावी लागली, त्याचं काय?

शेवटी स्लॅब दुरुस्त करून वर कौलारू छप्पर चढवलं, वळचण चार फूट पुढं काढली, खिडक्या समोरासमोर फोडल्या. एखादं कौल फुटलं तर गावातलाच माणूस शिडी लावून बदलतो.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "गच्चीच न्हाई? मग उन्हाळ्यात माणसं झोपायची कुठं?"