पैशाचं बोलायचं ते सामन्याआधी

(मैदान, सकाळ. फक्कीचा डबा जवळून.)

नायगाव. सकाळचे साडेसहा. पत्र्याच्या डब्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडलीत. सर डबा हलवत उलट्या पावलांनी चालतात आणि मातीवर फक्कीची रेघ उमटत जाते. आधी सुतळी ताणून घेतलीय, कारण मागे एकदा पेनल्टी बॉक्स तिरका आला होता आणि पोरांनी आठवडाभर सरांची टर उडवली होती.

(बूट.)

हे बूट नीट बघा. उजव्याचा तळ दोनदा चिकटवलाय, वरून दाभणाने टाके घातलेत. जोड एकच, भाऊ दोन. पहिल्या हाफमध्ये धाकटा घालतो, दुसऱ्यात मोठा. मोठ्याचा पाय एका नंबरने जास्त, म्हणून तो आतलं पॅड काढून खिशात ठेवतो. हाफटाइमला कॅमेरा लावून ठेवलात तर ही अदलाबदल दिसते. प्रेक्षकांत कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता सर पोरांना खाली बसवतात.

"दुपारी कूपरेजच्या मैदानावर ज्यांच्याशी खेळायचंय, त्यांच्याकडे फिजिओ आहे, जिम आहे, माणशी दोन जोड बूट आहेत. आपल्याकडे मी आहे आणि हा डबा."

पोरं हसतात. सर हसत नाहीत.

"हे मी आत्ता सांगतोय. मॅच संपल्यावर कुणी बोललं तर मला ऐकायचं नाही. आणि त्यांच्या पोरांना श्रीमंत म्हणून चिडवायचं नाही. पैसे त्यांच्या मालकाचे आहेत, पाय त्यांचे स्वतःचे आहेत."

खरं सांगायचं तर हा व्हिडिओ आम्ही या तीन-चार वाक्यांसाठीच केला.

(कूपरेजचं फाटक, जुने फोटो.)

मुंबईच्या फुटबॉलला पैसा नवा नाही. रोव्हर्स कप ही इथली जुनी स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पहिला मान गोऱ्या पलटणीने नेला. पुढे कंपन्यांचे दिवस आले. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे. तेव्हाही मोठा संघ आणि छोटा संघ होताच. पण चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची. हजेरी लावायची, दुपारी सरावाला जायचं, आणि गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शिल्लक. परळ-नायगावच्या चाळींत फुटबॉल म्हणजे पर्मनंट नोकरी, असा सरळ हिशेब होता. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये संघच बंद झाला. २०१४ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आली, तिच्यात मुंबई सिटी हा क्लब आला, आणि २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीच्या मालक-समूहाने या क्लबातला ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. त्याच शहरात इकडे डबा आणि सुतळी.

(चहाच्या टपरीवरचा टीव्ही, परदेशी सामना चालू.)

टीव्हीवरचे मॅनेजर काय बोलतात, ते पोरं पाठ करतात. २००५ च्या सुमारास आर्सेनलचे आर्सेन वेंगर चेल्सीच्या पैशाला डोपिंग, म्हणजे उत्तेजक औषध घेऊन खेळण्यासारखं, म्हणाले. शब्द झणझणीत होता, पण मालकावरचा राग मैदानातल्या खेळाडूच्या अंगावर शिंपडणारा. त्यापेक्षा लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर युर्गन क्लॉप आम्हाला जवळचे वाटतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते म्हणाले की, जगातले तीन क्लब पैशाच्या बाबतीत हवं ते करू शकतात. म्हणाले ते मँचेस्टर सिटीशी सामना होण्याआधी, आणि तो सामना लिव्हरपूलने १-० असा जिंकला. वेळ अचूक. मात्र २०१८ च्या जानेवारीत याच लिव्हरपूलने व्हॅन डाइक या एका बचावपटूसाठी साडेसात कोटी पाउंड मोजले होते. आपल्यावर कोण आहे ते सांगताना आपल्या खाली किती जण आहेत, हेही मॅनेजरने सांगायला हवं. क्लॉपनी तेवढं राहू दिलं.

आणि लेस्टर, इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेला छोटा क्लब. '२०१६ ला लेस्टर जिंकलंच की!' पैशाचा विषय निघाला की हे वाक्य तोंडावर फेकलं जातं. त्या संघावर सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव लावला होता, म्हणजे असं घडत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय लेस्टरचा तेव्हाचा मालक थायलंडचा अब्जाधीश. कुणी डब्यातून फक्की मारत नव्हतं. इंग्लंडमध्येच १९८३ पर्यंत लीग सामन्याच्या तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. मग मोठ्या क्लबांच्या दबावाखाली तो नियम गेला. विषमता काही आभाळातून पडली नाही, बैठकीत हात वर करून ठरली. पोरांना सांगायचं तर हे सांगा.

(कूपरेज, दुपार. कृत्रिम गवत, बसमधून उतरणारा दुसरा संघ.)

सामना ०-४. बूट वाटून घालणाऱ्या दोघांतला थोरला भाऊ आता फूड डिलिव्हरीच्या कामाला लागलाय.

(सीमारेषा. सर बॅग भरताना.)

आम्ही विचारलं, "सर, पैशाचा फरक आज दिसला?"

"ते सकाळी बोललो ना. दुसरा गोल कॉर्नरवरून गेला. गोल मारणाऱ्याला दूरच्या पोस्टवर कुणी धरलंच नव्हतं. ते विचारा."

मग त्यांनी वही काढली. आजच्या पानावर बसचं भाडं, टेप, बर्फ. खाली जागा सोडून लिहिलं: वडापाव, १८.