हिवाळ्यातली उलटी हवा

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की नागपुरात अजनी स्टेशनाकडच्या गाड्यांचे भोंगे रात्री पार प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरापर्यंत ऐकू येतात. दुपारी गाड्या त्याच, भोंगे तेच, पण कानावर येत नाहीत. रात्री रहदारी थंडावलेली असते, हे कारण आहेच. पण तेवढंच असतं तर जुलैतल्या ढगाळ, वाऱ्याच्या रात्रीही ते तितकेच ठळक ऐकू आले असते. दुसरं कारण हवेत आहे. हवामानवाले त्याला टेम्परेचर इन्व्हर्जन म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात 'तापमानाची विपरीतता' असा शब्द सापडतो.

एरवी उंच जावं तशी हवा गार होते. किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश, हा नेहमीचा हिशेब. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या, म्हणून मे महिन्यात आपली पावलं तिकडे वळतात. हिवाळ्याच्या रात्री मात्र हा हिशेब जमिनीलगत फिरतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर त्यातली बरीचशी खाली परत येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र लांब असली की जमीन भराभर निवते आणि तिला चिकटून असलेली हवाही निवते. शे-दोनशे मीटरवरच्या हवेला मात्र याचा पत्ताच नसतो. म्हणजे खाली गारठा आणि वर ऊब. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आठवत असेल. तो आकडा जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटरवर टांगलेल्या तापमापकाचा असतो. त्याच्या वर काय चाललंय ते पाहायला सोनेगावच्या वेधशाळेतून फुगा सोडतात. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच ही त्याची जगभर ठरलेली वेळ. फुग्याला बांधलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान आणि दमटपणा रेडिओवरून खाली कळवत राहतं.

आता भोंग्याचं. आवाज थंड हवेत सावकाश जातो, उबदार हवेत जलद. शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर, वीस अंशांना 343. वरच्या उबदार थरात लहरीचा वरचा भाग पुढे सरकतो आणि अख्खी लहर जमिनीकडे झुकते. दुपारी नेमकं उलट होतं, आवाज आकाशाकडे वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो.

भोंग्यानं कुणाचं काही बिघडत नाही, झोपमोड सोडली तर. धुराचं तसं नाही. गरम धूर वर जातो, कारण आजूबाजूची हवा त्याच्यापेक्षा गार असते. वर उबदार थर आला की त्याचा जोर संपतो आणि तो तिथेच आडवा पसरतो. शहरावर झाकण ठेवल्यासारखं. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या एवढ्या उंच बांधल्या त्या धूर या थराच्या वर सोडता यावा म्हणून. त्या धुराचे प्रश्न वेगळे, आणि ते कमी नाहीत. पण सायंकाळी अंगणातला पालापाचोळा गोळा करून काडी लावणाऱ्याजवळ अशी चिमणी नसते. त्याचा धूर झाकणाखालीच राहतो, शेजारच्या दमेकऱ्याच्या खिडकीपाशी. माझं सरळ मत आहे, हिवाळ्यात पाला जाळायला सायंकाळइतकी वाईट वेळ नाही, आणि नेमकी तीच सगळ्यांना सोयीची वाटते. पाला खड्ड्यात टाकून त्याचं खत करा ना बाप्पा!

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर असाच थर पाच दिवस ठाण मांडून बसला. घरोघरच्या कोळशाचा धूर खाली अडकला. सुरुवातीला चार हजार मृत्यू धरले गेले, पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांच्या घरात नेला. त्यानंतर चार वर्षांनी तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला.

ऊन चढलं की जमीन तापते आणि हा थर खालून उसवत जातो. साडेनऊ-दहापर्यंत बहुधा मोकळं होतं. पहाटे पाचला अंबाझरीवर फिरायला जाणारे 'ताजी हवा' खायला निघतात खरे, पण जानेवारीत ती हवा रात्रभर साचलेली असते. चालणं सोडू नका, दम्याचा त्रास असेल तर वेळ तेवढी पुढे ढकला.

रेडिओवर बोलतोय तर हेही सांगतो. अशा रात्री एफएमवर मधूनच दूरच्या गावचं केंद्र घुसतं, कारण त्या थराच्या कडेनं लहरी वाकून पुढे जातात. आकाशवाणी नागपूरचं 585 किलोहर्ट्झ रात्री लांबवर लागतं, त्याचा मात्र याच्याशी संबंध नाही. तो शंभर किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरांचा खेळ. आमचे काही जुने श्रोते दोन्हींची गल्लत करतात, म्हणून सांगितलं.

इन्व्हर्जन, म्हणजे उलटं होणं, हा शब्द स्वयंपाकघरातही आहे. लाडवांच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळतात ते पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून. आंबटामुळे साखरेचा रेणू फुटतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात, आणि अशा मिश्रणात स्फटिक सहजी धरत नाहीत. साखरेच्या पाण्यातून ध्रुवीकृत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडला तर ते प्रतल उजवीकडे वळतं, साखर फुटल्यावर डावीकडे. रसायनवाल्यांनी म्हणून याला इन्व्हर्ट शुगर म्हटलं. मधमाश्या हे काम लिंबाशिवाय करतात.

लोडशेडिंगनं ज्याची ओळख करून दिली तो इन्व्हर्टर याच घरातला. मोबाइलचा चार्जर भिंतीतल्या एसी विजेची डीसी करतो, इन्व्हर्टर बॅटरीतल्या डीसीची एसी. फुटपाथच्या कडेवरून पाय आत वळून घोटा मुरगळला की अस्थितज्ज्ञ चिठ्ठीवर 'इन्व्हर्जन इंज्युरी' लिहितात. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायुबंध ताणतात, बहुतेक मुरगळी याच जातीच्या. आणि हल्लीच्या योगवर्गात शीर्षासन, सर्वांगासनालाही इन्व्हर्जनच म्हणतात. मान किंवा रक्तदाबाचं दुखणं असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच करावं.

राहता राहिलं गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या ओळखीचं इन्व्हर्जन. कच्च्या मालावर जीएसटी जास्त आणि तयार मालावर कमी, अशी उतरंड. कृत्रिम तंतूवर 18 टक्के, त्याच्या सुतावर 12, कापडावर 5. विणणाऱ्यानं भरलेला कर विक्रीतून पुरता वसूल होत नसे, पैसा अडकून पडे. 22 सप्टेंबर 2025 पासून तंतू आणि सूतही 5 टक्क्यांवर आले. त्याआधीच्या अडकलेल्या पैशांच्या परताव्यावर बोलायचं तर या खुर्चीत एखाद्या सीएंनाच बसवावं लागेल. नमस्कार.