जहाज बंदरात किती दिवस थांबतं?

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय आलिशान जहाजातून होणाऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेचा आहे, पूर्वीच्या आणि आताच्या. मी ही प्रदक्षिणा चार वेळा केली. तिकीट काढून नाही, जहाजाच्या लाँड्रीत नोकरी करून. एकवीस वर्षं मी प्रवासी जहाजांवर होतो आणि त्यातला बहुतेक वेळ पाण्याच्या पातळीच्या खाली, खिडकी नसलेल्या जागेत गेला. त्यामुळे वरच्या मजल्यांवरचं बरंचसं मी वाचून, विचारून गोळा केलेलं आहे. खालचं मात्र डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सुरुवात सोलापूरपासूनच करतो. वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या गावात जन्मले. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. एवढं तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. पण ते जहाज नवं नव्हतं. त्याआधी ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे होतं, महायुद्धातल्या जखमींसाठी रुग्णालय म्हणून. कंपनीला 'सिंदिया' नाव मिळालं ते तिथूनच. आणि त्याच्याही आधी त्याचं नाव होतं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'.

१८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला हे कोरं जहाज इंग्लंडहून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचवायचं होतं. रिकामं कशाला न्यायचं? कंपनीने जाहिरात दिली: सहाशे डॉलरमध्ये जगाचा फेरा. लिव्हरपूलहून सुएझ, कोलंबो, हाँगकाँग, जपान करत व्हँकुव्हर, तिथून कंपनीच्याच आगगाडीने कॅनडा ओलांडायचा आणि अटलांटिक पार करून घरी. शंभरावर लोक निघाले. दोन वर्षांनी स्वामी विवेकानंद योकोहामाहून व्हँकुव्हरला गेले तेही याच जहाजाने. जगाची सफर पर्यटकांना विकणाऱ्या अगदी सुरुवातीच्या जहाजांपैकी एक जहाज पुढे सोलापूरच्या माणसाच्या कंपनीत आलं आणि १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत निघालं. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ ते पान मिटवू शकलो नव्हतो.

त्या काळी एकाच जहाजात बसून सगळा फेरा सोयीने करता येत नसे. मध्ये अमेरिका खंड आडवा होता. १९१४ मध्ये पनामाचा कालवा खुला झाला, पण लगेच युद्ध पेटलं. त्यामुळे एकच जहाज, एकच केबिन, ट्रंका एकदाच उघडायच्या, अशी सफर सुरू व्हायला १९२२ चा नोव्हेंबर उजाडला. क्युनार्ड कंपनीचं 'लॅकोनिया' न्यूयॉर्कहून निघालं आणि १३० दिवसांनी परत आलं. बंदरं २२. हे दोन आकडे लक्षात ठेवा, मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

मग आलं 'एम्प्रेस ऑफ ब्रिटन'. ४२ हजार टनांचं, पांढरंशुभ्र. उन्हाळ्यात ते अटलांटिकवर साडेअकराशेच्या वर प्रवासी नेई. हिवाळ्यात जगाच्या सफरीवर निघालं की तेच जहाज फक्त सातशे प्रवासी घेई, सगळे पहिल्या वर्गाचे. डेकवर पूर्ण मापाचं टेनिस कोर्ट होतं. आणि सफरीला निघण्याआधी पाण्याखालून जहाज ढकलणाऱ्या त्याच्या चार पंख्यांपैकी बाहेरचे दोन काढून ठेवत. वेग कमी झाला तरी चालेल, तेल वाचू दे, कारण सफरीच्या माणसाला घाईच नसते. ही गोष्ट मला फार आवडते. पंखे काढून ठेवून निघालेलं जहाज!

त्याची पहिली जागतिक सफर डिसेंबर १९३१ मध्ये सुरू झाली. कमीत कमी भाडं दोन हजार डॉलर. आता आपल्या गावाकडून ते वर्ष आठवा. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं. ऑगस्टमध्ये गांधीजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने गोलमेज परिषदेला गेले, खालच्या वर्गाचं तिकीट काढून. आणि वर्षअखेरीस ते पांढरं जहाज न्यूयॉर्कहून सुटलं. त्याच्या मार्गावर मुंबई होती. तीच गोदी, तोच समुद्र. कोण कुठल्या जिन्याने चढतं, एवढाच प्रश्न होता.

आपली माणसं तेव्हा जहाजांवर नव्हती असं समजू नका. खूप होती. मुंबईच्या मार्गावरच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकचे खलाशी आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, बरेचसे कोकणचे. जेवणघरात वाढणारे गोव्याचे. गोऱ्या प्रवाशाला न्हाणीघरात समुद्राचंच पाणी तापवून मिळे, आणि वरून अंग धुवायला गोड्या पाण्याचं एक छोटं घमेलं. ते घमेलं रोज सकाळी भरून ठेवणारा हात बहुतेक वेळा गोव्याचा. त्या काळच्या जाहिरातींच्या चित्रांत डेकखुर्च्या दिसतात, रेशमी गाऊन दिसतात, तो हात दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, 'कॅरोनिया' आलं. सगळं जहाज फिक्या हिरव्या रंगाच्या छटांचं. रंग हौसेसाठी नव्हता, उष्ण प्रदेशात ऊन परतवायला होता. सफरीवर साधारण सहाशे प्रवासी आणि जवळपास तितकेच नोकर, माणशी एक. हे ऐकून सुखाचा अंदाज येतोच, पण मला आधी आठवतात ते खालच्या केबिनमधले अरुंद बिछाने. सहाशे नोकर झोपायचे कुठे, हा विचार माझ्यासारख्याच्या डोक्यात आधी येतो.

मग जेट विमानं आली. १९५८ च्या सुमारास अटलांटिक ओलांडणारे लोक बोटीपेक्षा विमानाने जास्त जाऊ लागले. कुठंतरी पोचायचं म्हणून जहाजात बसणं संपलं, जहाजात बसायचं म्हणून बसणं उरलं. 'क्वीन एलिझाबेथ टू'ने १९७५ मध्ये पहिली जागतिक सफर केली आणि तिथून आजचा काळ सुरू झाला असं मी धरतो.

आजचं जहाज म्हणजे दोन-अडीच हजार प्रवाशांची वस्तीच. केबिनला गॅलरी, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं, उपग्रहावरून इंटरनेट. दोन प्रवाशांमागे एक नोकर. १० डिसेंबर २०२३ ला 'सेरेनेड ऑफ द सीज' हे जहाज २७४ रात्रींच्या सफरीवर निघालं. सातही खंड, साठावर देश. त्यावरच्या प्रवाशांचे व्हिडिओ तुमच्या नातवंडांनी मोबाइलवर पाहिले असतील. ते निघालं त्याच्या थोडंच आधी, नोव्हेंबरमध्ये, तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले होते. सुएझ सोडून किती जहाजांना केप ऑफ गुड होपचा वळसा घ्यावा लागला! १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, त्याच्या आधीची वाट पुन्हा उघडली. यंत्र कितीही चांगलं असो, मार्ग अजूनही जमिनीवरची माणसंच ठरवतात.

मी ज्या जहाजांवर होतो तिथे प्रवाशांसाठी छोटी लाँड्री असे, स्वतः कपडे धुवायची. जागतिक सफरीवर ती म्हणजे गावातला नळ! भांडणं तिथे, मैत्र्या तिथे, कोणाची तब्येत बिघडली ते तिथे कळायचं. रशियाचा नाविक, जपानच्या निवृत्त शिक्षिका, ऑस्ट्रेलियाचा खाटीक, सगळे आपापली पिशवी घेऊन रांगेत. पूर्वी या सफरींवर माणसं स्वतःची मोलकरीण घेऊन येत. आज आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून एखादी परिचारिका येते आणि स्वतःचे मोजे स्वतः पिळते. जग पाहण्याचा हक्क थोडा तरी खाली उतरला, याचं मला मनापासून समाधान आहे. तिकीट अजूनही आपल्या आवाक्यात नाही, लाखांत जातं, हेही खरं. पण पूर्ण फेरा न घेता एकेक टप्पा विकत मिळतो, मुंबईहून सिंगापूर वगैरे. तसं जाणारी मराठी जोडपी मी पाहिली. एका काकूंनी शेंगाचटणीचा डबा जेवणघरात काढला आणि शेजारच्या टेबलावरचे चौघं त्याच्याभोवती जमले.

आता त्या आकड्यांकडे येतो. 'लॅकोनिया', १३० दिवस, २२ बंदरं. आज साधारण तेवढ्याच दिवसांत चाळीस-पन्नास बंदरं करतात. पूर्वी जहाज मुंबईला लागलं की काही दिवस थांबे. प्रवासी आगगाडीने आग्रा-दिल्ली करून येत, काही जण तर देश ओलांडून पुढच्या बंदरात जहाज गाठत. आज सकाळी नऊला लागतं, संध्याकाळी सहाला सुटतं. बसमधून गेटवे, धोबीघाट, बाजार, परत. माझ्या लाँड्रीत येणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "तुझ्या देशात आम्ही किती तास होतो रे?" नऊ तास. त्या खूप हळहळल्या. मला विचाराल तर आलिशान सफर ओळखायची खूण ही आहे: जहाज बंदरात किती दिवस थांबतं. संगमरवरी जिने मोजू नका, रात्री मोजा. टप्प्याचं तिकीट काढणार असाल तर एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा, की मुक्कामाची बंदरं किती.

हे मी प्रवाशांपुरतं सांगत नाही. नऊ तास बंदरात, म्हणजे खाली काम करणाऱ्यालाही नऊच तास, आणि त्यात त्याची पाळी असतेच. एका प्रवाशामागे दिवसाला टॉवेलचे चार नग धरा, पोहण्याच्या तलावाचे वेगळे. बंदर आलं म्हणून टॉवेल थांबत नाहीत.

२००७ च्या मार्चमध्ये आम्ही मुंबईला लागलो. दोन वाजता मला तासाभराची सुट्टी मिळाली. आई रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आली होती आणि सकाळपासून बॅलार्ड पिअरला ग्रीन गेटपाशी उभी होती. दहा महिन्यांनी भेटत होतो. तिने कडक भाकरीचं बोचकं दिलं. आमच्यासारख्यांना ती परवडते, महिनाभर टिकते. तिने माझे हात पाहिले. सोड्याने आणि वाफेने बोटांची साल गेली होती. काही बोलली नाही. मग माझ्या खांद्यावर राहून गेलेला जहाजाचा टॉवेल तिने दोन बोटांत धरला, उलटा केला, काठ चाचपला. आयुष्यभर तिने अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेल तपासून घड्या घातल्या होत्या.

"आपला नाही," ती म्हणाली. "लूप सैल आहे. तीसेक धुण्यांत विरेल."

मी तिला टॉवेल ठेव म्हटलं. तिने तो नीट चौघडी करून माझ्याच हातात परत दिला, मोजणीत कमी भरेल म्हणून. तीनला दहा कमी असताना मी आत वळलो. गेटच्या आत गेल्यावर मागे पाहिलं तेव्हा ती जहाजाकडे नाही, घड्याळाकडे पाहत होती. तिची परतीची गाडी रात्री होती आणि जहाज सुटायला अजून तीन तास होते. ती तिथेच थांबली, असं तिने नंतर सांगितलं.