दाढीचा फेस: आधी हात बसू द्या

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे दाढीचा फेस. दाढी नव्हे, फेस. आणि मुख्य सांगणं आधीच सांगून टाकतो: फेस करायचा सराव दाढी न करता करा. संध्याकाळी निवांत बसा, एक वाटी, ब्रश आणि साबण घ्या, फेस करा, बोटांनी चाचपून बघा आणि धुऊन टाका. मग पुन्हा करा. सकाळी लोकल गाठायची असते, बाथरूमच्या दारावर थापा पडत असतात, तेव्हा हात बसत नाही.

दाढीचा साबण आणि अंगाचा साबण यांत फरक आहे. अंगाचा साबण मुख्यतः सोडियमचा. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा वाटा मोठा आणि स्टिअरिक आम्ल, म्हणजे तेला-चरबीतून मिळणारं एक आम्ल, भरपूर. म्हणून तो पाण्यात पटकन सुटतो आणि त्याचा फेस बारीक, दाट होतो, टिकतोही. अंगाच्या साबणाचे मोठाले बुडबुडे ब्लेड दुसऱ्या गालावर पोचेपर्यंत विरून जातात.

कोरडा केस चिवट असतो. पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. तेव्हा फेसाचं काम काय, तर पाणी केसांशी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरायला वाट द्यायची. पूर्वी गावोगावचे न्हावी साबणाशिवाय, नुसतं पाणी लावून गाल चोळचोळ चोळायचे, ते याचसाठी.

कृती अशी. ब्रश कोमट पाण्यात भिजवा. डुकराच्या केसांचा असेल तर जरा जास्त वेळ. मग झटका आणि साबणावर गोल गोल फिरवा, अर्धा मिनिट तरी. लोक इथेच घाई करतात. साबण ब्रशवर नीट चढला की वाटीत घोळवायला लागा आणि पाणी घाला थेंबाथेंबाने. साबण भरपूर, पाणी थेंबाथेंबाने. पुन्हा सांगतो, साबण भरपूर, पाणी थेंबाथेंबाने. आधी फेस कोरडा, पांढराफटक दिसेल. थांबू नका. पाणी मुरत गेलं की त्याला चकाकी येते, बुडबुडे दिसेनासे होतात आणि तो घोटलेल्या दह्यासारखा होतो. चिमटीत धरून बोटं चोळा. बोटं एकमेकांना धरत असतील तर आणखी दोन थेंब. सुळकन सरकली की फेस झाला.

आता एक हकीकत सांगतो. मिरजेला स्टेशनजवळ एक सलून होतं. चालवणाऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांच्याकडे बहिणीचा मुलगा काम शिकायला आला, पंधरा-सोळा वर्षांचा, हाताने चपळ. आल्याबरोबर त्याची नजर वस्तऱ्यावर. तात्यांनी हातात दिली वाटी आणि ब्रश. रोज तेच. पोरगं विचारायचं, "मामा, वस्तरा कवा देणार?" तात्या म्हणायचे, "तुझा फेस सुकायचा थांबला की."

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असायची. पोराने केलेला फेस ते त्याच्याच मनगटावर लावायचे आणि स्वतः गिऱ्हाइकाची दाढी करायला घ्यायचे. दाढी उरकली की मनगट बघायचे. पोराचा फेस दिसायला झकास, वाटीत उभा राहायचा, पण पंख्याखाली पांढरा पडून तडकायचा. तात्या एवढंच म्हणायचे, "पाणी कमी." पुढे मनगट ओलं राहायला लागलं, तेव्हा फुगा आला. फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्याने काढायचा.

त्याच सुमारास माझे आजोबा मिरजेत एका इस्पितळात होते. खुब्याचं हाड मोडलेलं. दाढी वाढून खाजत होती आणि आजोबांची चिडचिड चाललेली. मी तात्यांना बोलावून आणलं. धोकटी घेऊन ते आले, मागे भाचा. आजोबांचे गाल आत गेलेले, कातडी सैल आणि पातळ. तात्यांनी वाटी भाच्याकडे दिली.

त्याने नळाचं पाणी घेतलं. पाणी बोअरचं. ब्रश फिरतोय, फिरतोय, पण फेस काही उठेना. वाटीच्या कडेला नुसता पांढरा साका जमायला लागला. तात्या खिडकीशी उभे, एक शब्द बोलले नाहीत. पोराने वाटी धुतली, ब्रश धुतला आणि इकडंतिकडं बघितलं. स्टुलावर आजीचा थर्मास होता.

"आजी, ह्ये उकळल्यालं हाय न्हवं?"

आजी म्हणाली, "प्यायचं आहे रे बाळा."

"दोन घोट द्या फकस्त."

आजीने थर्मासच्या झाकणात पाणी ओतून दिलं. पोराने त्यात ब्रशची टोकं बुडवली आणि पुन्हा साबणावर बसला. या वेळी फेस चढला. चकाकी आली. तात्या जवळ आले, एका बोटाने फेस उचलला, अंगठ्यावर चोळला. एक गाल त्यांनी स्वतः केला. मग वस्तरा पुसला आणि भाच्याच्या हातात दिला.

आजी चपापली. "अहो तात्या, लहान आहे तो!"

"काकू, फेस त्येचा हाय," तात्या म्हणाले. "वस्तरा आता आपसूक जातोय. बघा तुम्ही."

पोराने दोन बोटांनी कातडी ताणून धरली आणि दुसरा गाल केला. कुठे टिपूस नाही. तुरटी फिरवली. आजोबांनी आरसा मागितला नाही. दोन्ही गालांवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला आणि पोराने केलेल्या गालावर बोट ठेवून म्हणाले, "हा बरा झालाय." तात्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता, तो मला आजही दिसतो.

जाता जाता सांगतो, इस्पितळांनी आठवड्यातून एकदा तरी वॉर्डात न्हावी बोलवावा. औषधपाणी सगळं होतं, पण आठ-आठ दिवसांची दाढी घेऊन पडलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. दाढी झाली की माणूस उशीला टेकून बसतो, बोलायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर थर्मासचं पाणी का चाललं? जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा साका करतं. पाणी उकळलं की त्या जडपणाचा एक भाग खाली बसतो. घरी बोअरचं पाणी असेल तर कपभर आरओ फिल्टरचं किंवा उकळून निवळलेलं पाणी फेसापुरतं बाजूला ठेवा. साबण तोच, ब्रश तोच, फरक पाण्याचा.

डब्यातून फुस्स करून येणारा तयार फेस मला आवडत नाही. तो हवेने फुगलेला असतो आणि त्यात आणखी पाणी मुरवायला वावच नसतो. पैसेही जास्त.

ब्रश मात्र आपला आपला ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले ब्रश वापरून ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना अँथ्रॅक्स हा जनावरांपासून येणारा जीवघेणा आजार झाला होता. आता ती भीती राहिलेली नाही, तरी सलूनमधला सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा ब्रश नकोच. आणि सलूनमध्ये नवं पातं आपल्यासमोर उघडायला सांगा. कावीळ ब आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, तेव्हा सांगायला संकोच करू नका. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

सराव झाल्यावर ब्रश साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, झटका, टॉवेलवर हलके फिरवा आणि उघड्यावर वाळवा. ओला ब्रश डबीत कोंडू नका, बुंध्याशी कुजतो आणि केस गळायला लागतात. साबणाच्या वाटीतलं पाणीही ओतून टाका.

उद्या सुट्टी असेल तर आज रात्रीच वाटी काढा. साबण भरपूर, पाणी थेंबाथेंबाने. नमस्कार.