काळं पिल्लू दिसलं की कडकनाथ म्हणू नका

हे बघा, डालगं उचललं की पिलं कशी पांगली. एका खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली आजींनी तेरा अंडी ठेवली होती, सगळी घरची नाहीत, काही शेजारची, काही लेकीच्या गावची, त्यामुळं एकविसाव्या दिवशी जे बाहेर आलं ते असं रंगीबेरंगी.

हे तपकिरी बघा. पाठीवर मानेपासनं शेपटीपर्यंत गडद पट्टा, दोन्ही बाजूनं फिक्कट रेघा, डोळ्यामागं काजळ ओढल्यासारखी रेष. हे आपलं गावरान. तसं गावरानात पिवळी, राखाडी पिलं पण निघतात, पण हा पट्टा थेट तांबड्या रानकोंबड्याकडनं आलाय. वाळक्या पाल्यात सोडलं... आणि बघा, कॅमेऱ्यासमोर असून दिसेना.

ह्याची मान उघडी आहे, आजारी नाहीये ते, अंड्यातनंच असं येतं. आणि ही दोन वनराजची, हैदराबादला तयार झालेली जात. रंगावरनं गावरानच वाटतात, पण दोन-तीन आठवड्यांत अंगानं पुढं निघून जातात. अंडी भरपूर देतात, पण खुडूक मात्र फारशी होत नाहीत, म्हणजे पुढची पिलं परत विकतच आणायची. गावरान टिकवायची ती यासाठी.

आता आजींच्या दोन्ही तळहातांवर बघा. दोन्ही पिलं काळी. बाजारात दोन्ही कडकनाथ, म्हणजे काळ्या मांसाची देशी जात, म्हणूनच खपतात. उजव्या हातातल्याचं पोट आणि पंखांची टोकं पिवळसर पांढरी आहेत, ते ऑस्ट्रालॉर्प, ऑस्ट्रेलियातली काळ्या पिसांची जात. डावीकडचं निळसर काळं, पाठीवर वेड्यावाकड्या पट्ट्या, ते कडकनाथ. पण लवेवर जाऊ नका, ती महिन्या-दीड महिन्यात झडून पिसं येतात. पिल्लू हलकेच उलटं करा आणि पायाचा तळवा बघा. ऑस्ट्रालॉर्पचा गुलाबी-पांढरा, कडकनाथचा पाटीसारखा काळसर. पोटावर फुंकर मारली की लव बाजूला होते, खाली कातडी पण काळीच. चोच काळी, जीभसुद्धा काळपट. मध्य प्रदेशात झाबुआकडं ह्याला कालामासी म्हणतात, २०१८ ला तिथल्या कडकनाथला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

एक मात्र लक्षात ठेवा, हा काळेपणा आईबापापैकी एकाकडनं आला तरी पिलात उतरू शकतो. म्हणजे तळवा पांढरा असला तर ते शुद्ध कडकनाथ नाहीच, पण काळा असला म्हणून शुद्धच असंही नाही, क्रॉस असू शकतो. म्हणून आजी पिलं घ्यायच्या आधी विकणाऱ्याच्या घरी जाऊन कोंबडा-कोंबडी बघून येतात, आणि तुम्ही पण जाच. कडकनाथच्या नावावर फसवणूक नवी नाही, २०१९ मध्ये कडकनाथ पालनाच्या गुंतवणूक स्कीममध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

दिवस मावळला. कोंबडीनं पंख पसरलेत, आणि तपकिरी, काळी, उघड्या मानेचं, सगळी एकेक करून आत शिरतायत.